दिव्यांग प्रमाणपत्र : ७ प्रकारांवरून २१ प्रकारांपर्यंत

“डॉक्टर, रिपोर्टमध्ये आजार स्पष्ट दिसतोय, मग सर्टिफिकेट का मिळत नाही?” हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा १९९५ मध्ये झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सातच प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व (हा तेव्हाचा शब्द) आणि मानसिक आजार. अपंगत्व किमान ४० टक्के हवं, ही अटही तेव्हाचीच.

या यादीबाहेर बरेच जण राहिले. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांचंच उदाहरण घ्या. हातपाय, डोळे, कान ठीक दिसतात. पण हाडं ठणकायला लागली की दवाखान्यात भरती व्हावं लागतं, शाळा बुडते, मजुरी बुडते. यादीत या आजाराचं नावच नव्हतं. खुब्याचं हाड खराब होऊन चालणं अवघड झालं, तरच ‘हालचालींचं अपंगत्व’ म्हणून दार उघडायचं.

२००७ मध्ये भारताने दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता अशांची त्यात भर पडली. सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव झाल्या. मात्र रक्ताच्या या तीन आजारांना शिक्षणात आरक्षण आहे, नोकरीत नाही. ती लढाई बाकी आहे.

४० टक्क्यांची अट आजही तशीच आहे. म्हणून लक्षात ठेवा: बोर्ड फक्त आजाराचं नाव पाहत नाही, त्यामुळे शरीराचं काम किती अडलं, ते मोजतं. प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड आणि रक्त भरल्याची नोंद जपून ठेवा. टक्का योजनेनुसारही बदलतो. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला ८० टक्के लागतात, शिवाय दारिद्र्यरेषेखालील असण्याची अट आहे.

२०१७ पूर्वी “तुमचा आजार यादीत नाही” म्हणून तुम्हाला परत पाठवलं असेल, तर आता पुन्हा अर्ज करा. टक्केवारी पटली नाही, तर अपील करण्याचा हक्कही कायद्यानेच दिला आहे.