एकशे ब्याण्णव मते

नागरिकशास्त्राच्या तासाला आमदाराची कामे फळ्यावर लिहून देणे सोपे असते. कायदे करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, प्रश्न विचारणे. परंतु ज्याच्या पक्षाला बहुमताचे स्वप्नही पडत नाही, तो मनुष्य सभागृहात जन्मभर बसून मिळवतो काय, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले, तर गुरुजींच्या हातातला खडू थांबतो. माझा थांबला, तेव्हा मला सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक 1962 साली झाली. 264 जागांपैकी 215 काँग्रेसने जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला 15 आल्या. त्या पंधरांत माणदेशातल्या सांगोल्याचा हा तरुण वकील होता. पुढे 2014 पर्यंत ते त्याच तालुक्यातून, त्याच लाल बावट्याखाली अकरा वेळा निवडून आले. अखेरच्या खेपेस सभागृहात त्यांच्या पक्षाचे तीनच आमदार उरले होते. आजूबाजूचे कित्येक जण वारा पाहून निशाण बदलीत गेले. गणपतरावांनी ते बदलले नाही. मंत्रिपद त्यांच्याकडे दोनदा आले, 1978 आणि 1999 साली, आणि दोन्ही वेळा थोडक्या दिवसांसाठी. बाकी सारी वर्षे विरोधी बाकावर गेली.

लोक त्यांचे अकरा विजय मोजतात. मला त्यांचे दोन पराभव अधिक बोलके वाटतात. 1972 साली ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 साली पुन्हा हरले, तेही अवघ्या 192 मतांनी. एखाद्या वाडीवरची माणसे बाजाराला गेली म्हणून बुडावी, एवढीच ही मते!

तो पराभव कोणत्या वेळी आला, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1993 साली, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीला पाणी परिषद भरवून तेरा दुष्काळी तालुक्यांचा लढा उभा केला होता. मागणी साधी होती: कृष्णेचे पाणी आमच्या रानातही यावे. नदी खाली वाहते आणि माणदेश उंचावर तहानलेला, म्हणून पाणी उचलूनच आणावे लागणार होते. असा लढा अंगावर असताना ज्याची आमदारकी जाते, त्याने घरी बसावे, असे कोणीही म्हटले असते. गणपतराव लढ्यात राहिले. 1999 साली सांगोल्याने त्यांना पुन्हा मुंबईला पाठवले. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून ते माणदेशाकडे नेण्याची योजनाही पुढे उभी राहिली. तिचे श्रेय एकट्या माणसाचे नाही. पण ती मागणी विसरली जाऊ नये, याची राखण करणारे जे थोडे होते, त्यांत हे एक होते.

2019 साली त्यांनी निवडणूक लढवली नाही. 30 जुलै 2021 रोजी ते वारले.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मग मी असे दिले: बाळ, ज्याच्या हाती सत्ता नसते, त्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत राहावे लागते. सांगणारा थकला नाही, तर कधीतरी ऐकणारा थकतो.

मुलगा म्हणाला, “आणि गुरुजी, पाणी आलं का?”

टेंभूचे पाणी माणदेशात आले, हे मी त्याला सांगितले. प्रत्येक रानात आले, असे मात्र मला म्हणता आले नाही.