चपेटदान मारुती

चपेटदान मारुती हे रामायणातील हनुमानाचे महाराष्ट्रात, विशेषतः गिरिदुर्गांवर, आढळणारे एक मूर्तिरूप होय. कर्तव्य आणि स्वामिनिष्ठा यांचे दैवत म्हणून मारुतीची उपासना सर्वत्र होते. मात्र या रूपात तो हात जोडून उभा नसतो, तर चपराक मारण्यासाठी हात उगारून उभा असतो. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील तिकोना किल्ल्यावरचे शिल्प हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

== नाव व मूर्तिलक्षणे ==

‘चपेट’ या संस्कृत शब्दाचा अर्थ उघड्या तळहाताचा तडाखा. मराठीतील ‘चापट’ त्याच कुळातली. ‘चपेटदान’ म्हणजे चपराक देणे. मूर्तीचा एक हात वर उगारलेला असतो, शेपटी डोक्यावरून वळलेली असते आणि पायाखाली एक स्त्री-आकृती दडपलेली दिसते. लोक तिला ‘पनवती’ म्हणतात. पनवती म्हणजे शनीच्या अवकृपेचा काळ, म्हणजेच अरिष्ट. शनिवारी मारुतीला तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ वाहण्याची चाल याच समजुतीशी जुळणारी आहे. गुजरातेतील सारंगपूरच्या कष्टभंजन हनुमानाच्या पायाशीही स्त्रीरूपातील शनी दाखविला आहे.

वाल्मीकिरामायणात पनवती नाही. तेथील जवळचा प्रसंग सुंदरकांडात आहे. लंकेत शिरताना त्या नगरीची रक्षक राक्षसी हनुमानाला अडविते, आणि मौज अशी की तळहाताचा तडाखा आधी तीच मारते. हनुमान डाव्या हाताची मूठ वळून तिला पाडतो, पण ती स्त्री आहे हे ध्यानात घेऊन राग आवरतो. तीही आपल्या धन्याचे द्वार राखीत होती, हे वाचकाने विसरू नये.

== पवन मावळातील स्थान ==

पवना नदीच्या खोऱ्याला पवन मावळ म्हणतात. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे या खोऱ्यावर नजर ठेवणारे चार किल्ले. जून १६६५ मधील पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत हे चारही होते. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोना पेठ या पायथ्याच्या गावी जाता येते. गड चढताना वाटेतच शेंदूर लावलेले चपेटदान मारुतीचे भव्य शिल्प उघड्यावर उभे दिसते. माथ्यावर महादेवाचे मंदिर आहे. विसापूरवरही मारुतीची कोरीव शिल्पे आहेत.

गडाच्या वाटेवर किंवा दाराशी मारुती असणे हे गावच्या वेशीवर मारुती असण्यासारखेच आहे. पहारेकऱ्याने ज्याच्याकडे पाहून उभे राहावे असा तो पहारेकरी.

पवना नदी आणि पवनपुत्र मारुती यांच्या नावांतील साम्य लक्ष वेधते, पण त्यावरून खोऱ्याचा मारुतीशी संबंध जोडणे म्हणजे केवळ शब्दावर इमला रचणे होय. पवनानगर हे नाव तर धरणाच्या काळातले. १९७२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पवना धरणाने खोऱ्यातील अनेक गावांची शेते आणि घरे पाण्याखाली नेली. वाघेश्वराचे प्राचीन शिवमंदिर जलाशयात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. डोंगरावरचा मारुती तेवढा आपल्या जागी राहिला.

== दास्य आणि निष्ठा ==

नवविधा भक्तीतील सातवी भक्ती दास्य, आणि परंपरेने तिचा आदर्श हनुमान. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात या नऊ भक्तींचे विवेचन असून सातवा समास दास्यभक्तीचा आहे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळला आहेत : राममंदिरासमोर हात जोडलेला दास मारुती आणि मंदिरामागे प्रताप मारुती. एकाच देवळाच्या पुढे नम्रता आणि मागे पराक्रम अशी ही मांडणी पाहिली की ‘दास’ या शब्दाचा अर्थ हुजरेगिरी असा करता येत नाही.

हा मुद्दा शाळेत शिकविताना हमखास सुटतो. हनुमान म्हणजे निमूट आज्ञापालन, असे समीकरण मुलांच्या मनात बसते. मूळ काव्यात तसे नाही. हनुमान आधी सुग्रीवाचा सचिव होता आणि राज्यभ्रष्ट सुग्रीवाबरोबर रानोमाळ राहिला होता. पुढे राज्य मिळाल्यावर सुग्रीव विलासात रमला, पावसाळा सरला तरी सीतेच्या शोधाचे वचन त्याला आठवेना. तेव्हा धन्याला त्याची आठवण करून देणारा हनुमानच आहे. बिभीषण शरण आला असता बहुतेकांनी संशय घेतला, हनुमानाने मात्र त्याला आश्रय द्यावा असा सल्ला दिला. समुद्र ओलांडताना मैनाक पर्वताने विश्रांतीसाठी थांबण्याची विनंती केली, तीही त्याने काम उरले आहे म्हणून नाकारली.

लंकादहनानंतरचा प्रसंग तर अधिकच बोलका आहे. आग लावून झाल्यावर, या आगीत सीताही जळाली असेल या विचाराने हनुमान हादरतो आणि स्वतःच्या रागाला दोष देतो. ती सुखरूप असल्याचे कळेपर्यंत त्याला पराक्रमाचा आनंद नाही. शोधाचे काम फत्ते करून आल्यावर रामाने त्याला दिले ते आलिंगन. त्या वेळी देण्याजोगे दुसरे काही रामाजवळ नव्हते. छाती फाडून रामसीता दाखविण्याची लोकप्रिय कथा मात्र वाल्मीकीच्या ग्रंथात नाही, ती नंतरच्या परंपरेतील आहे.

== लोकाचार ==

चैत्र पौर्णिमेला सूर्योदयी हनुमान जन्मोत्सव होतो. खेड्यात नवरदेव लग्नासाठी आला की आधी मारुतीच्या देवळात उतरतो. पारावर गावच्या बैठका भरतात आणि तालमीत मारुतीला नमस्कार केल्याशिवाय मल्ल मातीत उतरत नाही. वर्षानुवर्षे चढविलेल्या शेंदराची पुटे जाड होऊन मूळ कोरीवकाम झाकले जाते. अनेक ठिकाणी उगारलेला हात, शस्त्र वा पायाखालची आकृती ओळखता येत नाही, आणि मूर्ती कोणत्या रूपाची हे गावकऱ्यांच्या सांगण्यावरूनच ठरते. हे कवच कधी आपोआप गळून पडते. तेव्हा ते विधिपूर्वक वाहत्या पाण्यात सोडतात व खालच्या दगडाला नव्याने शेंदूर लावतात.