कतारगामच्या कडेने जाणारे रूळ

आम्हां गोमंतकीयांची जुनी रेल्वे म्हणजे 1888 सालची, मुरगांव बंदरावरून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी. आधी बंदर आणि मग रेल्वे, हा क्रम त्यामुळे आमच्या डोक्यात पक्का बसलेला. सुरतही बंदराचेच शहर. पण तिथे रेल्वेने काय केले ते मला कळले कतारगाममध्ये.

मडगांवहून ओखा एक्सप्रेस पकडली की ती सुरतेवरून जाते. सुरत स्टेशन सोडून गाडी उत्तरेला निघाली की डाव्या हाताला कतारगाम, उजव्या हाताला वराछा. मग तापीचा पूल आणि पलीकडे उत्राण. उत्राणचे नांव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल? पण 10 फेब्रुवारी 1860 रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला तो अंकलेश्वर ते उत्राण. रूळ मुंबईहून सुरतेला गेले असे आपण समजतो. झाले उलटे. ही लाईन मुंबईत ग्रँट रोडला पोचली 1864 साली. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती आणि विलायतेच्या गिरण्या कापसासाठी आपल्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. मुंबईपुढे सुरतेचे बंदर आधीच मागे पडले होते. रेल्वेने उरल्यासुरल्या मालालाही मुंबईची वाट दाखवली.

बंदराच्या वैभवाची खूण कतारगाम दरवाजाजवळ आहे. तिथे इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची दफनभूमी आहे. घुमटांच्या, देवळाएवढ्या उंच कबरी. डचांच्या भागात व्हान रेड पुरलेला आहे. 'हॉर्तुस मलबारिकुस' हा वनस्पतींचा ग्रंथ करवून घेणारा तोच. त्या ग्रंथासाठी कोचीनच्या रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तिघा कोंकणी वैद्यांनी नागरी अक्षरांत लिहून दिलेला दाखला आपल्याला अभिमानाचा. असे हे समुद्रावरून आलेले लोक.

आणि रुळांवरून आलेले? 1900 साली तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली. सुरतेजवळच्या उधन्यापासून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत ती खानदेशात जाते. नवापूरचे स्टेशन तर अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात! याच वाटेने खानदेशी मराठी माणूस सुरतेच्या गिरण्यांत आणि यंत्रमागांवर आला. याच वाटेने पुरीकडची गाडी ओडिशातल्या गंजामचे विणकर आणते. कतारगाम आणि वेडरोडच्या यंत्रमागांवर हेच हात आहेत. उंधियूत घालायची कतारगामची पापडी एके काळी प्रसिद्ध होती. त्या शेतांच्या जागी आता माग आणि हिऱ्यांचे कारखाने आहेत. बंदराने मोठी केलेली सुरत बंदराबरोबर खंगली. आजची सुरत उभी आहे ती बाहेरून आलेल्या या माणसांच्या बळावर.

मे 2020 मध्ये टाळेबंदीत याच सुरतेहून गंजामकडे श्रमिक गाड्या सुटल्या. माग थांबले, की मागावरच्या माणसाला त्या शहरात जागा उरत नाही हे तेव्हा सगळ्या देशाने पाहिले.

हे सुरतेचे म्हणून सोडून देता येईल. पण आपलेही आजे-पणजे पोटासाठी मुंबईला गेले आणि गांवच्या कुडात दाटीवाटीने राहिले. 1998 साली कोंकण रेल्वे पूर्ण झाली आणि आता मडगांव स्टेशनवर ओडिशा-झारखंडची पोरे उतरतात. आपण त्यांना 'भायले' म्हणतो आणि घर बांधायला त्यांनाच बोलावतो.

समुद्रावरून आलेल्यांचे घुमट कतारगामात साडेतीनशे वर्षे टिकून आहेत. रेल्वेने येऊन शहर घडवणाऱ्यांच्या नांवाचा एक दगडही मला तिथे दिसला नाही. मडगांवात तरी कुठे आहे?