टार्ट्राझीनची ॲलर्जी कुठून आली?

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनियर मुलीने सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला दिला. पहिलंच वाक्य होतं, 'कृत्रिम खाद्यरंगांमुळे लहान मुलांना व प्रौढांना ॲलर्जी होते हे सर्वश्रुत आहे.' पुढे दोन संदर्भ. सवयीने ते उघडले. दोन्ही रिव्ह्यू. त्यांनी आधीच्या रिव्ह्यूंचा हवाला दिलेला, त्यांनी त्याच्याही आधीच्यांचा. असं मागे मागे जात राहिलं की आपण १९५९ साली पोचतो. तिथून पुन्हा पुढे येताना जे दिसलं, ते इथे लिहितोय.

आधी वस्तू ओळखून घेऊ. टार्ट्राझीन हा लिंबासारखा पिवळा ॲझो रंग. १८८४ मध्ये योहान हाइनरिख झीगलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने तो बनवला. अमेरिकेत १९१६ पासून तो खाद्यपदार्थांत अधिकृतपणे वापरला जातो, तिथे त्याचं नाव यलो नंबर ५. भारतात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांत तो आहे आणि पाकिटावर आयएनएस १०२ या आकड्याने दिसतो. तो औषधांच्या गोळ्यांनाही लावतात, म्हणजे गोळ्या एकमेकींपासून ओळखता याव्यात. गोष्ट सुरू होते ती या गोळ्यांपासूनच, मिठाईपासून नाही.

१९५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातले ॲलर्जीतज्ज्ञ स्टीफन लॉकी यांनी ॲलर्जीच्या एका नियतकालिकात एक टिपण छापलं. त्यांच्या काही रुग्णांना स्टेरॉइडच्या गोळ्यांचा त्रास होत होता आणि संशय गोळीतल्या रंगावर होता. गंमत बघा, ॲलर्जी शमवायला दिलेल्या गोळीनेच त्रास! निरीक्षण मोलाचं होतं यात शंका नाही. पण शीर्षकात 'ॲलर्जिक' हा शब्द आला आणि तो पुढे चिकटूनच राहिला. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आजच्याइतका काटेकोर नव्हता. आयजीई हे ॲलर्जीला कारण ठरणारं प्रतिपिंड सापडलं १९६६-६७ मध्ये, म्हणजे या टिपणानंतर सात-आठ वर्षांनी. जुने पेपर वाचताना हे विसरलं की घोटाळा होतो. शब्द तोच दिसतो, पण त्याखालचा अर्थ बदललेला असतो.

पुढचा टप्पा ॲस्पिरिनचा. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनने जोराचा झटका येतो, हे आधीपासून माहीत होतं. मॅक्स सॅम्टर आणि रे बिअर्स यांनी १९६८ मध्ये अशा रुग्णांवर सविस्तर लिहिलं, आणि त्यातल्या काहींना टार्ट्राझीनही चालत नाही असं नोंदवलं. १९७२ मध्ये स्वीडनमधून युहलिन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यातही ॲस्पिरिन न चालणाऱ्या रुग्णांना रंगांनी दमा उठतो किंवा अंगावर पित्त उठतं असं दिसलं. चित्र जुळत गेलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने टार्ट्राझीनचं नाव लेबलवर छापणं सक्तीचं केलं. औषधांच्या माहितीपत्रकात तर इशाराच आला, की काही संवेदनशील व्यक्तींना या रंगाने दम्यासह 'ॲलर्जीसारख्या' प्रतिक्रिया येऊ शकतात आणि ॲस्पिरिन न चालणाऱ्यांत हे वारंवार दिसतं. 'ॲलर्जीसारख्या' हा शब्द ज्याने कुणी निवडला त्याला मी मनातून दाद दिली. बाकीच्यांनी पुढे त्यातलं 'सारख्या' गाळून टाकलं.

आता खरी गोष्ट. त्याच १९७९ मध्ये अमेरिकेतल्याच वेबर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो प्रत्येकाने एकदा वाचावा असं मला वाटतं. त्यांनी बारमाही दमेकऱ्यांना रंग देऊन फुप्फुसांची क्षमता मोजली. उघड चाचणीत काही जणांची क्षमता घसरली, म्हणजे टार्ट्राझीनची प्रतिक्रिया आली असंच कुणीही म्हणेल. पण हीच चाचणी डबल ब्लाइंड पद्धतीने आणि रुग्णांची श्वासनलिका मोकळ्या ठेवणारी नेहमीची औषधं चालू ठेवून केली, तेव्हा ती घसरण टिकली नाही.

असं का व्हावं? चाचणीत औषधाचा अडथळा नको म्हणून सकाळपासून रुग्णाचं औषध बंद ठेवायचे. सकाळी पहिलं मोजमाप, मग रंगाची कॅप्सूल, मग दर थोड्या वेळाने पुन्हा मोजमाप. पण ज्याचा दमा औषधावरच तोलून धरलेला आहे त्याची क्षमता औषध थांबल्यावर दुपारपर्यंत आपोआपच घसरणार. कॅप्सूलमध्ये साखर असती तरी घसरली असती. एका सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा २० टक्क्यांनी कमी झाली की 'प्रतिक्रिया' मानायची, हा साधारण निकष. अस्थिर दम्यात तेवढी घसरण रंगाविनाही होऊ शकते. म्हणजे आधीच्या कित्येक 'पॉझिटिव्ह' रुग्णांत रंगाचा परिणाम किती आणि औषध थांबवल्याचा किती, हे वेगळं काढायची सोयच नव्हती. १९८६ मध्ये स्टीव्हनसन आणि सहकाऱ्यांनाही ॲस्पिरिन न चालणाऱ्या दमेकऱ्यांत हाच अनुभव आला. जैवरसायनही साथ देईना, कारण ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अडवतं आणि टार्ट्राझीन ते अडवत नाही. २००१ च्या कॉक्रेन आढाव्यात टार्ट्राझीन आणि दम्यावरचे ९० सारांश चाळले गेले. निकषांत बसले फक्त सहा अभ्यास. त्यांतल्या एकातही रंग दिल्याने किंवा आहारातून काढल्याने दम्यात लक्षणीय फरक पडलेला नव्हता.

इथे मला घरची गोष्ट आठवते. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी दमा होता. कुणीतरी सांगितलं म्हणून आईने जिलेबी, नारंगी गोळ्या, पेप्सीकोला सगळं बंद केलं. त्याला बरं वाटलं आणि 'रंगाची ॲलर्जी' हे घरात कायमचं ठरून गेलं. हा पेपर वाचून मी आईला फोन केला. बोलता बोलता तिलाच आठवलं, की त्याच पावसाळ्यात त्याचा इनहेलर सुरू झाला होता. बिचाऱ्याला बारावीपर्यंत कुणी जिलेबी दिली नाही. अर्थात हलवायाच्या त्या जिलेबीत नेमका कुठला रंग होता, हेही आम्हाला कुठे माहीत होतं!

याचा अर्थ खाद्यरंगांनी कुणालाच काही होत नाही असा मात्र नाही. अंगावर पित्त उठणाऱ्या रुग्णांत डबल ब्लाइंड चाचणीनंतरही टिकलेल्या प्रतिक्रिया नोंदल्या गेल्यात. त्या थोड्या आहेत, पण आहेत. आणि मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळ्या दिशेला गेला.

सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड मुळात मुलांचे ॲलर्जीतज्ज्ञ. ॲस्पिरिनचा धागा पकडून ते कृत्रिम रंगांकडे आले आणि १९७३ मध्ये त्यांनी मांडलं, की हे पदार्थ आहारातून काढले की अतिचंचल मुलं शांत होतात. आईवडिलांनी ते उचलून धरलं. संशोधकांनी नाकं मुरडली, कारण फाइनगोल्डकडे तुलनेसाठी प्लासिबो गट नव्हता. आक्षेप बरोबरच होता. पण त्यांना खोडून काढायला जे प्रयोग झाले, त्यांतही खोट होतीच. रंग लपवायला चॉकलेटची बिस्किटं वापरली हे हुशारीचं होतं, मात्र दिवसाला मिळणारा रंग साधारण २६ मिलिग्रॅमच होता, आणि इतरांनी पुढे १०० ते १५० मिलिग्रॅम देऊन पाहिल्यावर वेगळी उत्तरं आली. १९८० मध्ये वाइस आणि सहकाऱ्यांनी २२ मुलांवर प्रयोग केला. दोघांवर परिणाम दिसला, त्यातल्या एका छोट्या मुलीवर फारच स्पष्ट. आता २२ जणांची सरासरी काढली तर ती मुलगी दिसेनाशी होते. तुमचा प्रश्न 'सरासरी मुलाला काय होतं' हा आहे की 'असं एखादं मूल आहे का' हा आहे, ते आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींचं डिझाइन एक नसतं.

२००७ चा साउदॅम्प्टनचा अभ्यास बहुतेकांना माहीत असतो. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं, सर्वसाधारण वस्तीतली. रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय आणि दिसायला-चवीला तसंच प्लासिबो. परिणाम छोटा होता, दोन्ही वयोगटांत आणि दोन्ही मिश्रणांत सारखा नव्हता, पण होता. जुलै २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चंचलतेवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो. अमेरिकेच्या सल्लागार समितीने २०११ मध्ये हाच पुरावा पाहून जादा इशारा नको असं आठ विरुद्ध सहा मतांनी ठरवलं. पुरावा तोच आणि निर्णय दोन, यात मला फारसं वावगं वाटत नाही. पण यातलं काहीही ॲलर्जी नाही, आणि ज्युनियरच्या दोन संदर्भांपैकी एक नेमका हा अभ्यास 'ॲलर्जी'च्या नावाखाली मोजत होता.

तिने विचारलं, मग ॲलर्जी म्हणून काय लिहू? मी म्हटलं, कार्माइन लिही. कोचिनियल नावाच्या किड्यापासून मिळणारा हा लाल रंग अगदी 'नैसर्गिक' आहे. त्यात किड्याची प्रथिनं शिल्लक राहतात आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई तयार होऊ शकतं. १९९४ मध्ये लॅन्सेटमध्ये कँपारी-ऑरेंज पिऊन ॲनाफिलॅक्सिस झालेल्या रुग्णाची नोंद आली, कारण होतं कार्माइन. लेखकांत एस. जी. ओ. योहान्सन होते, म्हणजे आयजीई शोधणाऱ्यांपैकीच एक. पाकिटावर त्याचा आकडा १२०.