गुरांच्या वाटेवरून शहराच्या पेठेत

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, तेव्हा टेक्सास राज्यात पैसा नव्हता, पण गुरे अमाप होती. तेथे चार डॉलरांस मिळणारे जनावर उत्तरेकडील शहरांत तीस-चाळीस डॉलरांस विकले जाई. मात्र मधल्या शेकडो मैलांत आगगाडी नव्हती. म्हणून घोड्यावर बसून गुरांचे प्रचंड तांडे उत्तरेस हाकीत नेणारा गुराख्यांचा एक वर्गच उदयास आला. त्या गुराख्यास पुढे चित्रपटांनी जगभर नेले. त्याच्या पायांतील उंच बुटाची कथा तितकी कोणी सांगितली नाही. अमेरिकन शहरांच्या मध्यवर्ती पेठा ओस कशा पडल्या व पुन्हा गजबजल्या कशा, हेही त्या कथेत गुंतलेले आहे.

हा बूट शोभेसाठी जन्मास आला नाही. रिकिबीतून पाय पुढे सरकू नये म्हणून त्याची टाच उंच व किंचित तिरपी. काटेरी झुडपांत पोटरी ओरबाडू नये म्हणून त्याची नळी उंच. घोड्याने पाडलेच तर पाय रिकिबीत अडकून स्वार फरफटत जाऊ नये, तो बुटातून चटकन मोकळा व्हावा, म्हणून त्यास बांधावयाचे बंद नाहीत. निष्णात कारागीर तळाच्या मधल्या भागात लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी मेखा ठोकीत. कारण ओलाव्याने चामडे फुगते तसे लाकूडही फुगते, आणि वाळताना दोन्ही सोबतच आकसतात. घोडदळाचे बूट आणि मेक्सिकोतील ‘वाकेरो’ म्हणविणारे स्वार यांच्याकडून या घाटातील बरेच काही आलेले आहे. किंबहुना गुराख्यांची बहुतेक विद्याच मेक्सिकोतून आली, ही गोष्ट चित्रपट सहसा सांगत नाहीत.

हर्मन जोसेफ जस्टिन हा इंडियाना राज्यातून आलेला तरुण मोची. त्याने १८७९ साली रेड नदीकाठच्या स्पॅनिश फोर्ट या खेड्यात दुकान थाटले. चिझम वाट या नावाने प्रसिद्ध असलेला गुरांचा मार्ग जवळूनच जाई. उत्तरेस जाताना गुराख्याने माप द्यावे आणि परत येताना तयार बूट पायांत घालून घरी जावे, असा हा व्यवहार. पुढे आगगाडी आली, वाटेवरची वर्दळ आटली आणि १८८९ साली जस्टिनने रेल्वेलगतच्या नोकोना गावी बिऱ्हाड हलविले. गिऱ्हाइकाने घरबसल्या आपल्या पायाचे माप घेऊन टपालाने पाठवावे, अशी सोयही या कुटुंबाने काढली. सुमारे याच काळात, १८८३ साली, लुकेसी नावाच्या सिसिलीहून आलेल्या बंधूंनी सॅन अँटोनियो शहरी लष्करी छावणीच्या आश्रयाने बूट शिवण्यास आरंभ केला. सारांश, बुटाचे दुकान नेहमी पायांच्या वर्दळीमागून गेले. वाट वळली की दुकानही वळले.

जस्टिनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी १९२५ साली कारखाना फोर्ट वर्थ या मोठ्या शहरी नेला. कन्या एनिड मात्र हटली नाही. वडिलांचे गाव ओसाड होऊ द्यावयाचे नाही, या जिद्दीने तिने पाच हजार डॉलर कर्ज काढले आणि ‘नोकोना बूट कंपनी’ उभी केली. बुटांचा धंदा बाईमाणसाचा नव्हे, असे म्हणण्याचा तो काळ होता. तिने तो अर्धशतकाहून अधिक काळ चालविला.

आता, श्रोतेहो, फोर्ट वर्थकडे वळू. या शहराची भरभराट गुरांच्या बाजारावर झाली. शहराच्या उत्तरेस अडीचएक मैलांवर असलेल्या ‘स्टॉकयार्ड्‌स’मध्ये १९४४ साली पन्नास लाखांहून अधिक जनावरांची उलाढाल झाली. खुद्द मध्यवर्ती पेठेत १९१८ साली लेनर्ड बंधूंनी एक दुकान काढले आणि पाहता पाहता त्याचे अवाढव्य वस्तुभांडार झाले. किराण्यापासून शेतीच्या यंत्रापर्यंत सारे तेथे मिळे. शेतकरी तेथे येई, कामगार येई, सधन गृहिणीही येई. १९३३ साली देशभरच्या बँका बंद ठेवण्यात आल्या, तेव्हा या दुकानाने स्वतःच्या छापील चिठ्ठ्या देऊन लोकांचे धनादेश वटवून दिले. पेठ या शब्दाचा खरा अर्थ तो.

पुढे मोटार आली. लोक उपनगरांत राहू लागले व पेठेत गाडी ठेवण्यास जागा उरली नाही. व्हिएन्नाहून आलेला वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रुएन याने १९५६ साली फोर्ट वर्थसाठी एक धाडसी योजना मांडली: पेठेभोवती वर्तुळाकार मार्ग, त्यास लागून साठ हजार गाड्यांचे वाहनतळ, आणि आत केवळ पायी चालणारी माणसे. योजनेची वाहवा पुष्कळ झाली, अंमल झाला नाही. दैवाचा खेळ असा की, त्याच वर्षी मिनिआपोलिसजवळ ग्रुएननेच आखलेला साउथडेल हा छताखालचा बंदिस्त बाजार उघडला, आणि त्याच्या अनुकरणाने देशभर निघालेल्या बाजारांनी पेठांचा प्राण घेतला. लेनर्ड बंधूंनी १९६३ साली दूरच्या वाहनतळापासून दुकानाच्या तळघरापर्यंत स्वतःची भुयारी गाडी काढून पाहिली. चार वर्षांनी दुकान टँडी कंपनीस विकले गेले. ही कंपनी मूळची चामड्याच्या व्यापाऱ्यांची. रेडिओची दुकाने तिने नंतर घेतली. गुरांच्या बाजारालगतचे मांसाचे दोन प्रचंड कारखानेही १९६२ व १९७१ साली बंद झाले.

या पडझडीत बुटांची काही जुनी दुकाने तगून राहिली. स्टॉकयार्ड्‌समधील लेडी यांची पेढी १९४१ पासून तेथे आहे. तिच्या तगण्याचे कारण भावनेत नाही, धंद्याच्या स्वरूपात आहे. बुटाचा पाय समोर बसवून मापावा लागतो. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात. कलबूत त्या एकाच माणसासाठी घडवावे लागते. असे गिऱ्हाईक दूरवरून येते आणि पुन्हा येते. अथणी वा कोल्हापूरच्या चपला पायांत वागविणाऱ्यांस हे समजावून सांगावयास नको.

तगलेल्या या दुकानांभोवतीच पेठेचे पुनरुज्जीवन झाले. फोर्ट वर्थच्या मध्यभागी बास या धनाढ्य घराण्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या इमारती सावरण्यास घेतल्या. स्टॉकयार्ड्‌समधील १९१२ सालच्या घोड्या-खेचरांच्या पक्क्या पागा अलीकडे नव्याने सजल्या आणि तेथे लुकेसींचे दिमाखदार दालन आले. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरही हेच घडले. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गायनाचा कार्यक्रम १९७४ साली तेथून दूर गेल्यावर रस्ता भकास झाला. १९९० च्या दशकात तो पुन्हा जागा झाला. तेथील ‘रॉबर्ट्‌स’ या दुकानात बूट विकता विकता वाद्ये वाजू लागली, व अखेर वाद्येच मुख्य ठरली. भिंतीवरच्या फळ्यांवर बूट मात्र राहिले.

पेठ उजळली यात शंका नाही. तथापि जी परत आली ती तीच पेठ नव्हे. लेनर्डांकडे पीठ व बियाणे घेण्यास येणारा शेतकरी हजार डॉलरांहून अधिक मोलाचा, मगरीच्या वा शहामृगाच्या कातड्याचा जोडा घेण्यास येत नाही. तो घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी घोड्यावर पाय टाकलेला नसतो. शौकाचे गिऱ्हाईक लहरी असते. १९८० सालच्या ‘अर्बन काउबॉय’ या चित्रपटाने शहरी लोकांस या बुटांचे वेड लावले आणि काही वर्षांतच ते ओसरले. लाट ओसरली की फटका प्रथम बसतो तो कारखान्यास.

एनिड जस्टिनची कंपनी १९८१ साली भावांच्या कंपनीत विलीन झाली. ती स्वतः १९९० साली वारली. १९९९ साली नोकोना येथील कारखाना बंद करण्यात आला. नोकोनाचे नाव कोरलेले बूट त्यानंतरही शहरांतील दुकानांत विकले जात राहिले. ते त्या गावी शिवलेले मात्र नव्हते.