रुमालाची कड : टॅटिंगच्या विद्येविषयी थोडा विचार

पटवर्धनी मुलखातील जुने दप्तर सोडताना संशोधकाच्या हाती प्रथम कागद लागत नाही, रुमाल लागतो. दप्तराची मोजदादच मुळी रुमालांनी होते. वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी मिरजेस राहून पटवर्धनांच्या कागदांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, तेव्हापासून ह्या प्रांतीच्या कागदांस मोल आले. कागद ज्यांनी धुळीपासून राखले त्या वस्त्रांस मात्र ते आले नाही. नक्कल उतरली, की रुमाल फडताळात जातो आणि पुढे कोठे जातो हे कोणी विचारीत नाही.

दप्तराचे रुमाल खारव्याचे व साधे असतात. परंतु घरगुती पोथ्यांचे रुमाल, देव्हाऱ्यातील आसने, तबकावरील आच्छादने ह्यांस पुष्कळदा पांढऱ्या सुताची जाळीदार कड असते. तासगावात अशी वस्तू हाती आली, की ती परशुरामभाऊंच्या अमदानीतील म्हणण्याचा मोह अनावर होतो. तेथील गणपतीचे देवालय 1779 त सुरू होऊन 1799 त पुरे झाले, भाऊही 1799 तच पट्टणकुडीच्या रणात पडले. तेव्हा वाड्यातील प्रत्येक जुनी वस्तू त्या वीस वर्षांत ढकलण्याची आपणांस सवय जडली आहे. रुमालाचे कापड त्या काळचे असू शकेल. कड जर टॅटिंगची असेल, तर ती त्या काळची असणे शक्य नाही. हे कशावरून म्हणतो ते सांगण्यास ही विद्या कशी चालते व कशी शिकवितात हे आधी पाहिले पाहिजे.

साधन एवढेसेच. शिंगाचा, हाडाचा किंवा धातूचा, दोन्ही टोकांस निमुळता असा बोटभर लांबीचा धोटा. बायका त्यास शटल म्हणतात. त्यावर दोरा गुंडाळावयाचा, त्याच दोऱ्याचे कडे डाव्या हाताच्या बोटांभोवती धरावयाचे, आणि धोटा एकदा खालून व एकदा वरून नेऊन दोन अर्ध्या गाठींची एक दुहेरी गाठ पाडावयाची. अशा गाठी ओळीने पडल्या, की धोट्याचा दोरा ओढून वर्तुळ मिटवितात. मध्ये मध्ये सोडलेल्या लहान फाशांस पिको म्हणतात. शिंप्याच्या दुकानावरील 'पिको-फॉल' ही पाटी आपण रोज वाचतो. तेथील पिको हा फ्रेंच शब्द ह्याच फाशाचा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

खरी मेख पुढे आहे. गाठ घालताना ती धोट्याच्या दोऱ्याची पडते. क्षणभर डाव्या हाताची बोटे सैल सोडून व धोट्याचा दोरा ताणून ती हातावरील दोऱ्यावर उलटावी लागते. उलटली, तर गाठी आतल्या दोऱ्यावर मण्यांसारख्या सरकतात व वर्तुळ मिटते. न उलटली, तर निरगाठ बसते आणि वर्तुळ कधीच मिटत नाही. हे उलटणे डोळ्यांस दिसत नाही, बोटांस कळते. म्हणून जाणत्या शिकविणाऱ्या बायका प्रथम दोन रंगांचे दोरे देतात, धोट्यावर एक व हातावर दुसरा. पडलेली गाठ हातावरील रंगाची असली तर बरोबर, धोट्याच्या रंगाची असली तर चूक. आम्ही संधिनियम शिकविण्यात आयुष्य घालविले; परंतु शिष्यास आपली चूक आपणच ओळखता यावी अशी इतकी सोपी युक्ति आमच्या शास्त्रात आम्हांस सापडली नाही.

आता कालाविषयी. आमच्या संस्कृतज्ञ मित्रांस हे सर्व वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत दाखविण्याची हौस आहे. तेथे सूचीवानकर्मे आहेत, सूत्रक्रीडा आहे. पण सूचीवानकर्म म्हणजे सुईचे काम, आणि टॅटिंगमध्ये गाठी पाडावयास सुई लागतच नाही. धोट्याचा वैदिक शब्द 'तसर' ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात येतो खरा, परंतु तो ताण्याबाण्याच्या मागाचा धोटा होय. नाव जुने म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. रेशमी गाठी व गोंडे करणारे पटवेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. गाठीची विद्या येथे होतीच. मात्र 'टॅटिंग', 'शटल', 'पिको' हे शब्द त्यांच्या बोलीतले नव्हेत. विद्या जुनी असती, तर तिचे सगळेच शब्द बाहेरचे नसते.

युरोपातही ही कला फार प्राचीन नव्हे. अठराव्या शतकात तेथील सरदारस्त्रिया धोट्याने दोऱ्यावर नुसत्या गाठी पाडून ती दोरी कापडावर टाकीत. टॅटिंगचे नमुने छापून देणारे रिएगो दे ला ब्रांशार्दियेर बाईंचे पुस्तक लंडनास 1850 त निघाले. सुरुवातीस वर्तुळे सुटी करून मागाहून जोडीत. पिकोतून दोरा ओढून काम चालू असतानाच जोडण्याची रीत आणि दुसऱ्या दोऱ्यावर कमानी विणण्याची रीत, ह्या दोन्ही त्यानंतरच्या. तेरेज द दिलमाँ बाईंच्या 1886 च्या सूचिकर्मकोशात ह्या कलेस स्वतंत्र प्रकरण मिळाले. म्हणून ज्या कडेत वर्तुळे व कमानी दोन्ही आहेत, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे नेता येत नाही.

तासगावचे संस्थान 1848 त खालसा झाले. मुंबईस अमेरिकन मिशनने मुलींची शाळा 1824 तच काढली होती. मुलींच्या शिक्षणात शिवणटिपण व दोऱ्याचे काम ह्यांस मिशनऱ्यांनी जागा दिली. पुढे पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनाने 1909 पासून हाच विषय प्रौढ व विधवा स्त्रियांकरिता चालविला. आमच्या मते टॅटिंग आपल्या घरांत शिरले ते ह्याच वाटेने; आणि एकदा शिरल्यावर शाळेची गरज उरली नाही. नणंदेने भावजयीस, मावशीने भाचीस शिकविले, रुखवतात ते मांडले गेले. ग्रंथ जवळ नाही, नक्षी लिहून ठेवण्याची चाल नाही. वीतभर कडेचा तुकडा हाच नमुना व हेच पुस्तक.

असा तुकडा हस्तलिखिताप्रमाणे वाचता येतो. क्रोशाचे काम शेवटचे टोक ओढताच उसवत जाते, टॅटिंग उसवत नाही. तथापि संग्राहकांनी ही परीक्षा ओढून करू नये, भिंगाने दुहेरी गाठ पाहावी. प्रत्येक वर्तुळातील गाठी मोजाव्या. कोठे संख्या बदलते, कोठे गाठी एकाएकी घट्ट होतात, कोठे दोरा संपून नवा जोडला आहे, हे टिपावे. पोथीत लेखकाचा हात बदलला तर आपण पृष्ठांक देऊन तशी नोंद करतो. कडेतही हात बदलतो. बहुधा एखाद्या कोपऱ्यापाशी, जेथे एकीने सोडलेले काम दुसरीने उचललेले असते.