कळसंयोग-योजना

कळसंयोग-योजना : ज्या चिन्हांना कळफलकावर स्वतंत्र कळ लाभलेली नाही, ती उमटवण्यासाठी अनेक कळा एकत्र वा क्रमाने दाबण्याचे संकेत ठरवण्याची कला. तिचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे : फ्रेंच यंत्रावर स्वरचिन्हाची कळ दाबली असता चिन्ह उमटे, परंतु गाडा जागचा हलत नसे, आणि म्हणून पाठोपाठचे अक्षर त्या चिन्हाखालीच येऊन बसे.

आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकाने आल्ट कळ धरून चिन्हाचा क्रमांक टंकण्याची तजवीज केली. विंडोजमध्ये अद्यापि या रीतीने ०१५१ टंकले की दीर्घ रेषा (—) मिळते. परंतु क्रमांकाचा चिन्हाच्या रूपाशी कोणताच संबंध नसल्यामुळे लेखकाला, बारनिशीतले जावक क्रमांक तोंडपाठ करणाऱ्या कारकुनाप्रमाणे, निव्वळ घोकंपट्टीवर विसंबावे लागते. याहून सरस योजना डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी-२२० या १९८३ सालच्या टर्मिनलावरील ‘कंपोज’ कळेची. ती दाबून, मग चिन्हाचे जणू अवयवच असलेल्या दोन कळा क्रमाने दाबावयाच्या : ‘ओ’ आणि ‘सी’ यांचे ©, ‘एल’ आणि आडव्या रेघेचे £. लिनक्समध्ये हीच परंपरा चालू असून तेथे मोठा ‘आर’ व बरोबरीचे चिन्ह यांतून ₹ सिद्ध होतो.

अशा क्रमांची रचना करताना एक पथ्य कसोशीने पाळावे लागते : एक पूर्ण क्रम दुसऱ्याचा आरंभ असता कामा नये, कारण तसे झाल्यास यंत्राने कोठे थांबावे याचा निवाडाच होत नाही. तीन आडव्या रेघांनी दीर्घ रेषा आणि दोन रेघा व टिंब यांनी मध्यम रेषा उमटवण्याचे एकदा ठरले, की नुसत्या दोन रेघांना अर्थ देण्याची मुभा उरत नाही. एकत्र दाबावयाच्या कळांत अडचण निराळी आहे. विंडोज उजव्या आल्ट कळेला कंट्रोल व आल्ट यांची जोडी समजते. त्यामुळे या कळेसह ‘एस’ दाबून ‘श’सारखा उच्चार असलेले ś लिहिणाऱ्या पोलिश लेखकाचे अक्षर, एखाद्या आज्ञावलीने ती जोडी आपल्या हुकुमासाठी राखली असल्यास, मध्येच गिळंकृत होते.

मराठीपुरता विचार करता, भारतीय मानक आयएस १३१९४ (१९९१) मधील इनस्क्रिप्ट मांडणीची व्यवस्था मार्मिक आहे. ‘र’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ऱ’ ठेवल्याने ‘तऱ्हा’ किंवा ‘दुसऱ्या’ यांतील अर्ध्या र-काराला निराळा संयोग लागत नाही. ऱ, हलन्त आणि पुढचे व्यंजन एवढे पुरते. मात्र साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांतूनही तेच रूप पडद्यावर उमटत असल्यामुळे, डोळ्यांना अभिन्न भासणारे दोन ‘दुसऱ्या’ दप्तरात भिन्न नोंदींनी जमा होतात, आणि अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधात एक सापडतो तेव्हा दुसरा हुकतो.